फ्रीजमागचा एल्डर

अपूर्व पेंढारकर वजन पाठीने उचलायचा. वजन पायांनी उचलायचं असतं. आधी गुडघे वाकवायचे, वस्तू पोटाशी घ्यायची, मग उठायचं. विसाव्या वर्षापर्यंत हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, कारण सिडनीतल्या केलीव्हिलच्या घरात त्याच्यावर काही उचलायची वेळच आली नव्हती. वडील रविंद्र पुण्याहून आलेले, सॉफ्टवेअरमधले. आई मेधा शाळेच्या ऑफिसात. नवा सोफा आला तरी दुकानाची माणसं आत आणून, मांडून जायची. अपूर्व दार धरून उभा राहायचा.

दार धरणं त्याला छान जमायचं. दार धरणं, ताट धरणं, हो म्हणणं. नाही म्हणणं जड जायचं.

युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षी एका वर्गमित्राने त्याला हाक मारली. "मेट, आज दुपारी आमच्यात एक जण कमी आहे. बास्केटबॉल खेळतोस?" कोर्ट चर्चच्या हॉलमध्ये होतं. मॉर्मन लोकांचं चर्च. अपूर्व गेला, कारण नाही म्हणवेना. पुढच्या आठवड्यात परत गेला, कारण तिथे त्याला पास मिळत होता. उंची बेताची, नेमही बेताचाच, पण कोणी त्याला बाकावर बसवलं नाही. खेळ झाला की पिझ्झा, पिझ्झा झाला की प्रार्थना. होता होता त्याने बाप्तिस्मा घेतला. त्या वर्षी घरच्या गणपतीला तो आरतीचं ताट धरून ओठ मिटून उभा राहिला. आरती संपेपर्यंत मेधाने त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्यांच्यातले तरुण दोन वर्षं घर सोडून धर्माच्या कामाला जातात. बास्केटबॉलमधले एकेक जण निघाले, तेव्हा अपूर्वनेही नाव दिलं.

"काय कमी पडलं तुला या घरात?" रविंद्रनी विचारलं. "एक गोष्ट सांग. एक."

"तसं नाहीये बाबा."

"मग कसं आहे?"

कसं आहे ते अपूर्वला सांगता येईना.

"गेलास तर मला फोन करू नकोस," रविंद्र म्हणाले. आणि अपूर्व गेला. जन्मात पहिल्यांदा तो कोणाला तरी नाही म्हणाला होता.

ऑकलंडला काही आठवडे वर्गात बसून झाले. खरं ट्रेनिंग पुढे, कामावर. पश्चिम ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीला. सोन्याच्या खाणीचं गाव. रस्त्याच्या कडेला लाल माती, घराच्या पत्र्यावर लाल माती, धुतलेल्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवरही तीच. गावाला लागून असलेल्या मोठ्या खड्ड्यात सुरुंग उडाला की कपाटातले पेले किणकिणतात. पर्थला जायचं तर विमान, नाहीतर दिवसभर गाडी.

नव्या माणसाला एक जुना जोडीदार देतात. तो ट्रेनर. अपूर्वचा ट्रेनर फिफिता, ब्रिस्बेनजवळ वाढलेला, मूळ टोंगा बेटांवरचा मुलगा, दारातून जाताना दार भरून टाकणारा. नियम असा की जोडीदाराने जोडीदाराच्या नजरेआड व्हायचं नाही. उठणं बरोबर, जेवण बरोबर, दारं ठोठावणं बरोबर, झोपायची खोली एक. दोघांच्या छातीवर काळी पट्टी, वर पांढऱ्या अक्षरांत एल्डर आणि आडनाव. एल्डर म्हणजे वडीलधारा. मेधाने पहिल्या व्हिडिओ कॉलवर पट्टी वाचली होती आणि हसू दाबून म्हणाली होती, "वडीलधारे, कानामागे साबण राहिलाय."

फिफिताला पेंढारकर म्हणता यायचं नाही. तो पेंडा म्हणायचा.

फिफिता वाईट मुलगा नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. तो पहाटे उठून अंडी करायचा, गाडी धुवायचा, अपूर्वच्या चुका हसून सोडून द्यायचा. अपूर्व बाथरूममध्ये गेला की बाहेर गाणं म्हणत उभा राहायचा. त्या घरात बंद होणारं दार ते एकच. अपूर्व टबच्या कडेवर बसायचा, नळ सोडायचा आणि कोणी आपल्याकडे पाहत नाहीये एवढंच अनुभवायचा. मग बाहेरून आवाज यायचा, "पेंडा, आहेस ना? वाळवंटात राहतो आपण, पाणी जपून!"

त्याचं काय बिघडलं होतं ते त्याला साधारण कळलं होतं. त्याला बास्केटबॉलचे ते पाच जण आवडले होते, ती पळापळ, तो पास. त्यालाच तो श्रद्धा समजला होता. इथे दोघंच होते. रात्री गुडघ्यांवर बसून तो प्रार्थना करायचा आणि त्याला छतावरच्या कूलरची घरघर ऐकू यायची, दुसरं काही नाही. त्याला घरी जायचं होतं. पण ज्या बापाला झिडकारून आला त्याला काय सांगायचं? बाबा, तुमचं बरोबर होतं? बाबा तर फोनवरही येत नव्हते. दर सोमवारी मेधा एकटीच बोलायची, आणि मागे कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा.

सोमवारखेरीज नाताळलाही घरी कॉल करायची सगळ्यांनाच मुभा होती. अपूर्वने ठरवलं, त्या दिवशी सांगायचं. आधी आईला, मग पर्थला बसणाऱ्या मिशनच्या अध्यक्षांना. मराठीत बोललं की शेजारी बसलेल्या फिफिताला कळणारही नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी दोघं गाडीतून जात असताना फिफिताने ब्रेक मारला.

"बघ, बघ! फ्रीज!"

रस्त्याच्या कडेला ट्रेलर उभा होता. त्यावर दोरीने बांधलेला दोन दारांचा फ्रीज, आणि फ्रीजकडे हात कमरेवर ठेवून बघणारं एक भारतीय जोडपं. ऊन असं की डांबर बुटाला चिकटत होतं. घर बदलणाऱ्या माणसाला मदत करणं हे या लोकांचं आवडतं काम. फिफिताला तर दारं ठोठावण्यापेक्षा फ्रीज प्रिय. दोघं आधीच एका म्हाताऱ्या बाईच्या अंगणातलं गवत काढून येत होते, अंगात जुने टीशर्ट आणि जीन्स. पट्ट्या घरी.

"मदत पाहिजे का?" फिफिता गाडीतूनच ओरडला.

"प्लीज!" बाई म्हणाली. "सामान हलवणारे आता नवीन वर्षानंतरच येणार म्हणतायत, आणि जुन्या घराच्या किल्ल्या आज द्यायच्यात. हे म्हणाले, आपण करू. हे इंजिनिअर आहेत ना."

"मी व्हेंटिलेशनचा इंजिनिअर आहे," नवरा म्हणाला. "मी हवा हलवतो."

फ्रीज ताकदीने हलत नाही. आधी रिकामा करावा लागतो, मग दारं चिकटपट्टीने बांधावी लागतात, मग वाट बघून यावी लागते. कुठे वळण आहे, कुठे उंबरा आहे, कुठलं दार किती उघडतं. फिफिताने दारं बांधली. वाट कोणी बघितली नाही. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने बघितली असेल.

अपूर्व पुढे झाला, उलट चालत. मागून फिफिता, बाजूला तो नवरा. पायऱ्या झाल्या, पॅसेज झाला. स्वयंपाकघराकडे वळताना फ्रीज तिरका झाला आणि त्याची मूठ चौकटीत रुतली. फिफिताने जोर लावला. फ्रीज आणखी घट्ट बसला. अपूर्वचं बोट मध्ये आलं.

"आई गं!"

सगळे थांबले.

"काय म्हणालास?" बाईने मराठीत विचारलं.

अपूर्व फ्रीजच्या पलीकडे होता. त्याच्या मागे धुण्याच्या खोलीचा बंद कोपरा, दोन्ही बाजूंना भिंत, पुढे फ्रीज. बाहेर यायला वाट नव्हती. पलीकडून फक्त त्याचं कपाळ आणि डोळे दिसत होते.

"अरे, हा आपला आहे!" बाई म्हणाली. ती विनिता, इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. "बोट दाखव. वर कर. हलतंय ना? मग काही नाही झालं. मी ट्रेलरमधून पाण्याच्या बाटल्या आणते, याला प्यायला द्यायला पाहिजे, किती घामेजलाय," आणि ती फिफिताला घेऊन बाहेर गेली.

नवरा स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागला. स्वयंपाकघराचं दार बिजागरीतून काढल्याशिवाय फ्रीज सुटणार नव्हता. "नाव काय तुझं? कुठले तुम्ही?"

"अपूर्व. केलीव्हिल."

"केलीव्हिलला आम्ही पाच वर्षं काढली! आडनाव?"

आडनाव सांगायला नको होतं. पण विचारलं की सांगायचं, ही त्याची सवय.

"पेंढारकर? रविंद्रचा मुलगा तू?" माणूस स्टुलावर चढला आणि फ्रीजवरून खाली बघायला लागला. "मी शिरीष. गणपतीला तुमच्याकडे यायचो, तू एवढासा होतास. बापाने सांगितलं मला फोनवर, मुलगा कालगुर्लीला आहे, खाणीत लागलाय, दोन वर्षांचा कॉन्ट्रॅक्ट. म्हटलं, पाठव की घरी! तर म्हणाला, त्याच्या शिफ्टचं काही खरं नसतं."

अपूर्वला आधी कळलंच नाही. मग कळलं. केलीव्हिलच्या मराठी मंडळात बाबा मान ताठ ठेवून कसे वावरतात, हे कोडं त्याला तीन महिने पडलं होतं. ते असे वावरत होते.

"कुठली साइट?" शिरीषनी विचारलं. "अंडरग्राउंड की वर?"

आता खरं सांगायचं तर बापाला खोटं पाडायचं. तेही त्याच्या मित्रापुढे, फ्रीजमागून. अपूर्वने मागे हात नेला. मागे भिंतच होती.

"अंडरग्राउंड," तो म्हणाला.

"वा! मग मीच तुला हवा पाठवतो म्हण की. सुपरवायझर कोण?"

"अजून ट्रेनिंगच चालू आहे."

हे मात्र खरं होतं. पण तेवढ्याने काही बरं वाटलं नाही.

दार निघालं, फ्रीज सुटला, अपूर्व बाहेर आला. मग सगळ्यांनी मिळून फ्रीज भिंतीतल्या खाचेत ढकलला. घाईत. विनिताने पाण्याबरोबर आमंत्रणही दिलं. उद्या नाताळ, तुम्ही घरापासून लांब, जेवायलाच या. अपूर्व काही म्हणायच्या आत फिफिताने हसून हात पुढे केला. "नो वरीज! नक्की येतो."

गाडीत बसल्यावर फिफिता म्हणाला, "तुझी माणसं भेटली, पेंडा! नाताळचा चमत्कार. तोंड का असं केलंस?"

"बोट दुखतंय," अपूर्व म्हणाला.

नाताळच्या सकाळी कॉल लागला तेव्हा केलीव्हिलला दुपार झाली होती. अपूर्व पलंगावर बसला, फिफिता समोरच्या पलंगावर, बूट पुसत.

"जेवलास का?" मेधाने विचारलं. "वाळलायस. हा काय अवतार? केस कोणी कापले?"

"फिफिताने."

"कशाने?"

"आई, ऐक ना. मला परत यायचंय."

बोलून झालं. वाटलं होतं त्यापेक्षा छोटं वाक्य होतं. मेधाने एकदम मागे वळून पाहिलं. खुर्ची सरकली, आणि तीन महिन्यांनी पहिल्यांदा रविंद्रांचा चेहरा स्क्रीनवर आला. दाढी वाढली होती.

"परत म्हणजे?" ते म्हणाले.

"परत म्हणजे घरी, बाबा. मला नाही जमत इथे."

"मी म्हणालो होतो ना, जाऊ नकोस."

"हो."

"ऐकलंस?"

"नाही."

"मग आता पूर्ण कर. दोन वर्षं सांगितलीयत मी लोकांना." रविंद्रनी चष्मा काढला, परत घातला. "शिरीषचा मेसेज आला काल. मुलगा गुणी आहे, फ्रीज आत घ्यायला मदत केली म्हणून. त्याला तू जे सांगितलंस, ते बरं केलंस."

"बाबा, मी खोटं बोललो."

"माझ्यासाठी बोललास. कळतं मला." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आज जेवायला जाताय ना? ते छातीवरचं तेवढं काढून ठेव."

"फिफिता असतो बरोबर. एकट्याला कुठे जाता येत नाही."

"मग त्यालाही सांग काढायला."

"रवी, काहीतरीच काय," मेधा म्हणाली.

"मग काय करू मी? सांग ना! त्या मंडळातल्या हृषीकेशच्या मुलाचं लग्न ठरलं, तो विचारतो, तुझा काय करतो. मी काय सांगू? दारं वाजवतो?"

कॉल संपला. जो माणूस जाऊ देत नव्हता, तोच आता येऊ देत नव्हता. अपूर्व फोन हातात धरून बसून राहिला. बाथरूममध्ये जावंसं वाटलं, पण तिथून तरी कुठे जायचं?

"मला मराठी येत नाही," फिफिता बूट खाली ठेवत म्हणाला. "पण बाप येतो मला. माझाही असाच बोलतो. काय झालं?"

अपूर्वने सगळं सांगितलं, फक्त घरी जायचं सोडून. खाण, शिरीष, फ्रीजमागचं खोटं. मग विचारलं, "आज पट्ट्या नाही लावल्या तर?"

फिफिताने बूट पुन्हा उचलला आणि पुसलेलाच पुसला. "मी माझी काढणार नाही. तुझी तू ठरव. पण मला विचारलं तर मी तुला खाणीत घालणार नाही, पेंडा. हेल्मेट तुला शोभणार नाही."

अपूर्वने पट्टी काढून खिशात ठेवली. ती लोहचुंबकाने चिकटते, मागचा तुकडा वेगळा. तो तुकडा त्याने दुसऱ्या खिशात ठेवला, दोन्ही एकमेकांना चिकटून आवाज करायला नकोत म्हणून.

शिरीषनी दार उघडलं. समोर दोन मुलं, दोघांचे पांढरे शर्ट, दोघांचे टाय, दोघांचे केस एकाच हाताने कापलेले. एकाच्या छातीवर काळी पट्टी, दुसऱ्याच्या छातीवर काही नाही. एवढं काढून काय लपलं होतं कोण जाणे. शिरीषनी फिफिताची पट्टी पाहिली, मग अपूर्वच्या शर्टावरची रिकामी जागा पाहिली.

"या, या. बूट राहू देत, घर अजून तसंच आहे," एवढंच म्हणाले.

खोक्यांच्या मधोमध टेबल मांडलं होतं. मसालेभात, बटाट्याची भाजी, कोळंबीचं कालवण, श्रीखंड. विनिता वाढत होती. फिफिता तिसऱ्यांदा भात घेत होता आणि प्रत्येक घासाला "थँक यू, सिस्टर," म्हणत होता. अपूर्व घास गिळत होता आणि वाट बघत होता. आता विचारतील. शिफ्ट कुठली, खाण किती खोल, सुपरवायझर कोण. उत्तरं त्याने गाडीत बसून तयार केली होती, आणि प्रत्येक उत्तर फिफिता ऐकणार होता.

शिरीष काही विचारेनात. पावसाबद्दल बोलले, सिडनीच्या घरांबद्दल बोलले, कोळंबी गोठवलेली आहे याबद्दल माफी मागितली. मध्येच लांब कुठेतरी धप्प झालं आणि खोक्यातली भांडी वाजली. खाणीतला माणूस अशा वेळी खाणीबद्दल बोलतोच. शिरीषनी पाण्याचा जग पुढे केला.

जेवण झालं. विनिताने ट्रे आणला. ट्रेमध्ये चहाचे दोन कप होते आणि लिंबू सरबताचे दोन पेले. चहाचा एक कप तिने नवऱ्यापुढे ठेवला, एक स्वतःपुढे. सरबत या दोघांपुढे.

कोणी कोणाला विचारलं नव्हतं. मराठी घरात पाहुण्याला न विचारता चहा येतो. न विचारता सरबत येत नाही, जोवर घरच्या बाईला माहीत नसतं की हा मुलगा चहा घेत नाही आणि का घेत नाही.

अपूर्वने पेल्याकडे पाहिलं. "काकू, तुम्हाला माहीत होतं?"

विनिताने कप खाली ठेवला. "अरे, काल मी तुझ्या मित्राला ट्रेलरपाशी कोल्ड कॉफी देत होते. तो म्हणाला, आम्ही मिशनरी आहोत, चहा-कॉफी चालत नाही. लपवायचं असतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं ना."

"मग काकांनी बाबांना मेसेज केला..."

"तो मी आधीच करून बसलो होतो," शिरीष म्हणाले. "हिने रात्री सांगितलं. मग मी सिडनीत, क्वेकर्स हिलला, हृषीकेशला फोन केला. म्हटलं, रविंद्रच्या मुलाचं काय रे प्रकरण? तो हसायला लागला. म्हणाला, तुला आत्ता कळतंय? मंडळात सगळ्यांना माहीत आहे. तो खाणीचं सांगतो, आम्ही माना डोलावतो."

"सगळ्यांना?"

"परवा कोणीतरी विचारलं म्हणे, सोनं घेऊन येतो का घरी. तुझा बाप म्हणाला, तपासून सोडतात." शिरीष हसणार होते, हसले नाहीत. "तू त्याला बोलू नकोस पण. तेवढं राहू दे त्याला."

बाबा लोकांसाठी खोटं बोलत होते, लोक बाबांसाठी बहिरे झाले होते, आणि तो स्वतः खिशात पट्टी घालून फिरत होता. सगळे प्रेमानेच वागत होते. आणि या सगळ्यांच्या मधोमध तो उभा होता, काल होता तसाच, हलायला जागा नसलेला. हे असंच राहू दिलं तर दोन वर्षं राहील. परत गेला तरी राहील. कॉन्ट्रॅक्ट लवकर का संपला, याची पुढची गोष्ट बाबांना रचावी लागेल, आणि ती पाठ करायला तो असेलच.

त्याने एका खिशातून पट्टी काढली, दुसऱ्यातून चुंबक. शर्टावर लावली. बोट अजून सुजलेलं होतं, दोनदा घसरली.

"काका, बाबांना व्हिडिओ लावता?"

"अरे, पण..."

"लावा ना. मी धरतो फोन."

रविंद्रनी लगेच उचलला. नवा शर्ट घातला होता, दाढी केली होती. "शिरीष! मेरी ख्रिसमस रे. आमचा आलाय का..."

मग त्यांना मुलगा दिसला, मग पट्टी दिसली. चेहरा स्क्रीनवर तसाच थांबला. नेटवर्क गेलं की काय असं वाटलं.

"हे काय?" ते इंग्रजीत म्हणाले.

"काकांना माहीत आहे, बाबा. सगळ्यांना माहीत आहे. मंडळात पण."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. त्यांना आधीपासूनच माहीत आहे."

"कधीपासून?"

"ते मला नाही माहीत."

रविंद्रनी फोन टेबलावर ठेवला असावा. स्क्रीनवर केलीव्हिलच्या घराचं छत आलं, दिव्याची गोल काच, तिच्यात अडकून मेलेले दोन किडे. अपूर्वला ते किडे ओळखीचे वाटले. फिफिताने चमचा हातातच धरला होता.

"मी म्हणत होते तुला," मेधाचा आवाज आला.

मग रविंद्रांचा आवाज, लांबून, छतामागून आल्यासारखा. "विचार त्याला. तिकीट कालगुर्लीहून काढायचं की पर्थहून."

अपूर्वने तोंड उघडलं. हे वाक्य ऐकायला तो तीन महिने गुडघ्यांवर बसला होता. शेजारी फिफिता त्याच्याकडे बघत होता. तिकीट, कालगुर्ली, पर्थ. हे शब्द कुठल्याही भाषेत कळतात.

"पर्थहून," अपूर्व म्हणाला. "आधी तिथे अध्यक्षांना भेटावं लागेल."

"बरं," रविंद्र म्हणाले. स्क्रीनवर पुन्हा त्यांचा चेहरा आला. डोळे लाल होते. "शिरीष, सॉरी हं. तुमच्या जेवणात..."

"अरे सोड रे," शिरीष म्हणाले. "फ्रीज तुझ्या मुलानेच आत आणलाय. दोन माणसांचं काम केलं त्याने." ते खरं नव्हतं. एका माणसाचंही नीट झालं नव्हतं.

फोन बंद झाल्यावर हायसं वाटायला हवं होतं. अपूर्वने वाट बघितली. वाटलं नाही. बाबांची खाण बंद झाली होती, पण आता तो घरी जाईल तो दारं वाजवून परत आलेला मुलगा म्हणूनच. मंडळात माना पुन्हा डोलतील. आणि त्या पाच जणांपैकी जे दोन वर्षं पूर्ण करून येतील, ते त्याला मिठी मारतील आणि काही विचारणार नाहीत. त्यांचं न विचारणंही त्याला माहीत होतं.

"कधी?" फिफिताने विचारलं.

"अध्यक्ष म्हणतील तेव्हा."

"मला आधी सांगायचंस. मी तुझा ट्रेनर आहे." त्याचा आवाज दुखावलेला होता, आणि त्याला तो लपवता येत नव्हता. मोठ्या शरीरात लहान गोष्टी लपत नाहीत. "विमानात बसेपर्यंत मी बरोबर असणार. नियम आहे. बाथरूमबाहेर गाणारच मी."

"गा," अपूर्व म्हणाला.

विनिता श्रीखंड ठेवायला उठली. फ्रीजचं दार ओढलं. ते वीतभर उघडलं आणि भिंतीला आपटून थांबलं. काल घाईत ढकलताना कोणी पाहिलं नव्हतं की बिजागऱ्या भिंतीच्या बाजूला आहेत आणि दार उघडायला जागा लागते. हात आत जात होता, भांडं जात नव्हतं.

"परत काढावा लागणार," शिरीष म्हणाले. "राहू दे आज. तुम्ही पाहुणे आहात."

फिफिताने बाह्या दुमडल्या. अपूर्वने टाय काढला, पट्टी काढली नाही. दोघांनी आधी वाट पाहून घेतली. खाचेत उजवीकडे ओट्यापर्यंत रिकामी जागा होती, फ्रीज तिकडे सरकवला तर दाराला मोकळीक मिळणार होती. पण डावीकडून, फ्रीज जरा तिरका ओढून भिंतीलगत फट करून, तिच्यात शिरून कोणीतरी रेटायला हवं होतं. फिफिता त्या फटीत मावणार नव्हता.

अपूर्व आडवा होऊन आत शिरला. पाठ भिंतीला, छाती फ्रीजच्या पत्र्याला. पट्टी पत्र्यावर घासली आणि चुंबकाने तिथेच चिकटली. त्याने ती सोडवली नाही. गुडघे वाकवले, टाच भिंतीला टेकवली.

"पाठीने नको, पेंडा," पलीकडून फिफिता म्हणाला. "पायांनी."

"माहीत आहे," अपूर्व म्हणाला. "तू तुझी बाजू उचल. मी सांगेन तेव्हा."